आभासी कार्य, संगणकीय

ज्या चालू आज्ञावलीला स्वतःचा छिद्रपत्रांचा गठ्ठा, स्वतःचे टर्मिनल किंवा समोर बसलेला वापरकर्ता प्रत्यक्षात नसतो. परंतु परिचालन प्रणाली जिला यांपैकी काही असल्याप्रमाणेच वागविते, तिला आभासी कार्य असे म्हणता येईल. आदेश-ओळीवर एक ओळ टंकलिखित करून असे कार्य सुरू करता येते. ते सुरू झाल्यावर वापरकर्ता त्याच टर्मिनलवर दुसरे काम करू शकतो किंवा टर्मिनल सोडून निघूनही जाऊ शकतो. निरनिराळ्या प्रणालींत त्याला पार्श्वभूमीवरील कार्य, गैरहजर कार्य, विलग कार्य अशी वेगवेगळी नावे मिळाली आहेत. टर्मिनले आली आणि गठ्ठ्यांचे युग संपले, असे संगणकाच्या इतिहासात पुष्कळदा लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. कागदी गठ्ठा गेला, पण गठ्ठ्याची कल्पना प्रणालीच्या आत राहिली. मालक समोर नसताना त्याच्या कामाचे काय व्हावे, त्याचा हिशेब कोणी ठेवावा व ते थांबविण्याचा अधिकार कोणाला असावा, हे प्रश्नही तिच्याबरोबर आले. [⟶ संगणक]

‘कार्य’ ही संज्ञा मूळची यंत्रकक्षातील व्यवहारातून आली. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संगणक वापरणाऱ्याला यंत्राचा ठराविक वेळ आरक्षित करून दिला जाई. तो आपली छिद्रपत्रे घेऊन येई, फिती चढवी, यंत्र चालवी आणि वेळ संपताच दुसऱ्यास जागा करून देई. या देवघेवीत यंत्राचा बराच मौल्यवान वेळ नुसता वाया जात असे. हा अपव्यय टाळण्यासाठी जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन अमेरिकी कंपन्यांतील तज्ञांनी १९५६ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी एक देखरेख-आज्ञावली तयार केली. एक गणित संपताच पुढचे आपोआप सुरू करणे हे तिचे मुख्य काम होते. तिला परिचालन प्रणालींची पूर्वज मानतात. गठ्ठा कोठे सुरू होतो, कोठे संपतो व त्याचे काय करावयाचे, हे यंत्राला समजावे म्हणून गठ्ठ्यात नियंत्रणपत्रे घालण्याची पद्धत पुढे रूढ झाली. आयबीएमच्या ७०९० मालिकेवरील प्रणालीत अशा पत्राच्या पहिल्या स्तंभात डॉलरचे चिन्ह असे. कार्य म्हणजे आरंभीच्या नियंत्रणपत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंतचा गठ्ठा, अशी ही अगदी मूर्त व्याख्या होती. कार्याला वजन होते आणि ते हातातून पडले तर त्याची पत्रे विस्कटतही असत.

या व्यवस्थेत यंत्राचा वेळ वाचला, पण माणसाचा गेला. गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि उत्तराचा कागद काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी घ्यावयाचा, असा क्रम होता. एखादा स्वल्पविराम चुकला असेल, तर एवढेच कळण्यासाठी पूर्ण दिवस खर्ची पडे. भारतातही हीच रीत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला आणि देशातील अनेक संस्था आपली गणिते त्यावर करून घेत. ज्यांचा संगणक दुसऱ्या गावी होता, त्यांच्या प्रतीक्षेत प्रवासाचीही भर पडे.

आयबीएम ३६० मालिकेसाठी १९६६ पासून मिळू लागलेल्या प्रणालीत नियंत्रणपत्रांची एक स्वतंत्र भाषाच बनली. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या या पत्रांत कार्याचे नाव व हिशेबाचा क्रमांक, कोणती आज्ञावली चालवावयाची आणि कोणती माहिती कोठे आहे, अशा तीन प्रकारची विधाने मुख्य असत. भाषा समर्थ होती, पण दुर्बोध होती. उदा., एखादी पायरी कोणत्या अटीवर करावी हे सांगण्याऐवजी ती कोणत्या अटीवर वगळावी हे तीत सांगावे लागे. त्यामुळे अनुभवी माणसेही गोंधळात पडत. या प्रणालीच्या निर्मितीचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी पुढे या भाषेवर फार कठोर टीका केली. आपण चार नियंत्रणपत्रे ठरवीत आहोत अशाच समजुतीने ती घडत गेली आणि ती एक भाषा आहे हे वेळीच कोणी ओळखले नाही, असे तिच्या दोषांचे मूळ त्यांनी दाखविले आहे.

याच्या विरुद्ध टोकाचा प्रयत्न मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत झाला. फेर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तेथे नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएम ७०९ वर कालविभागणीचे प्रात्यक्षिक करण्यात आले. संगणकाचा वेळ लहानलहान तुकड्यांत विभागून तो अनेक टर्मिनलांना आळीपाळीने द्यावयाचा आणि प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्यासाठीच चालले आहे असे भासवावयाचे, ही त्यामागील कल्पना होय. या प्रणालीच्या नावात ‘सुसंगत’ हा शब्द होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. टर्मिनलवरील वापरकर्त्यांकडून उरलेल्या वेळात संगणक केंद्राचे नेहमीचे गठ्ठे पूर्वीप्रमाणेच चालावेत, हा त्या सुसंगतीचा अर्थ होता. टर्मिनलांचे काम अग्रभूमीवर व गठ्ठ्यांचे पार्श्वभूमीवर, ही आज सर्वत्र रूढ असलेली परिभाषा अशा व्यवस्थांतून पक्की झाली.

लवकरच असे दिसून आले, की टर्मिनलवर बसणाऱ्यालाही गठ्ठ्याची गरज भासते. दोन तास चालणाऱ्या गणितासमोर दोन तास बसून राहण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून या प्रणालीत ‘अग्रभूमीवरून सुरू केलेले पार्श्वभूमीकार्य’ अशी सोय करण्यात आली. वापरकर्त्याने आदेशांची यादी एका फाइलीत लिहावी, ती टर्मिनलवरून रांगेत लावावी आणि घरी जावे. प्रणाली त्याच्या नावाने व त्याच्याच हिशेबी ते आदेश पार पाडी. येथे कार्य प्रथमच कागदापासून सुटे झाले. आदेशांची यादी हीच एक आज्ञावली मानावी, ही कल्पना फ्रेंच संगणकतज्ञ लुई पूझँ यांनी याच प्रणालीवर ‘रनकॉम’ या नावाने रुजविली. वापरकर्ता व प्रणालीचा गाभा यांच्यामध्ये राहून आदेशांचा अर्थ लावणाऱ्या आज्ञावलीला ‘शेल’ म्हणजे कवच हे नावही त्यांनीच दिले.

पुढील मल्टिक्स प्रणाली मॅसॅचूसेट्सच्या विद्यार्थी व संशोधकांसाठी ऑक्टोबर १९६९ मध्ये खुली झाली. तीत या सोयीला ‘गैरहजर’ असे समर्पक नाव मिळाले. वापरकर्ता गैरहजर असताना त्याच्या वतीने एक प्रक्रिया प्रणालीत दाखल होई, टर्मिनलाऐवजी एका फाइलीतून आदेश वाची आणि उत्तरे दुसऱ्या फाइलीत लिही. तीत स्वतंत्र नियंत्रणभाषा नव्हती, ही तिची खरी योग्यता म्हटली पाहिजे. टर्मिनलवर जे शब्द टंकलिखित करावयाचे तेच शब्द गैरहजर कार्याच्या फाइलीत लिहावयाचे. आयबीएम ३६० च्या वापरकर्त्याला ज्या दोन भाषा शिकाव्या लागत, त्यांच्या जागी येथे एकच पुरे होती.

आयबीएमच्या केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात मात्र अगदी निराळा मार्ग काढण्यात आला. रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ पासून एका ३६०/४० संगणकावर असा प्रयोग आरंभिला, की प्रत्येक वापरकर्त्याला संगणकाचा केवळ वेळच नव्हे, तर एक संपूर्ण आभासी संगणक मिळावा. त्यातूनच पुढे १९७२ मध्ये ‘व्हीएम ३७०’ ही प्रणाली जाहीर झाली. या आभासी संगणकाला आभासी स्मृती होती, आभासी चकती होती आणि त्याला एक आभासी पत्रवाचक, एक आभासी छिद्रक व एक आभासी मुद्रकही होता, ही गोष्ट आज वाचताना गमतीची वाटते. वापरकर्ता आपली फाइल आभासी छिद्रकावर ‘पाडी’. प्रत्यक्षात कोठेही छिद्र पडत नसे. प्रत्येकी ८० अक्षरांच्या ओळींचा एक संच चकतीवर साठविला जाई आणि तो दुसऱ्या कोणाच्या आभासी पत्रवाचकात नेऊन ठेवता येई. वापरकर्ते परस्परांना फाइली पाठवीत त्या याच मार्गाने.

लांबलचक गणिते चालविण्यासाठी या प्रणालीत एक वेगळे आभासी यंत्र राखून ठेवलेले असे. त्याच्या टर्मिनलावर कोणीही बसलेले नसे. वापरकर्ता आपल्या छिद्रकाचे तोंड त्या यंत्राच्या वाचकाकडे वळविण्याचा आदेश देई आणि आरंभी ओळख व हिशेब सांगणारी एक ओळ जोडून आपला आभासी गठ्ठा तिकडे धाडी. ते यंत्र गठ्ठे क्रमाने वाची, चालवी आणि एक कार्य संपले की स्वतःला नव्याने सुरू करून घेई. त्यामुळे आधीच्या कार्याची कोणतीही उरलीसुरली बिघाड करणारी खूण पुढच्याला बाधत नसे. मूळ यंत्रकक्षातील खिडकी, गठ्ठा व यंत्रचालक या साऱ्यांचे हे जणू हुबेहूब प्रतिबिंब होते आणि त्यातील एकही वस्तू खरी नव्हती. आयबीएमच्या मुख्य प्रणालीतही टर्मिनलवरून कार्य सादर करण्याचा आदेश आला तेव्हा तो आदेश ज्या ‘अंतर्गत वाचका’कडे जाई, तो पत्रवाचकाचाच आभासी अवतार होता. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर नियंत्रणपत्राची ओळ आजही ८० अक्षरांचीच आहे.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-६ व पीडीपी-१० या संगणकांवर आभास टर्मिनलाचाच निर्माण करण्यात आला. आज्ञावलीला वाटावे की आपण टंकलेखनयंत्राशी जोडलेलो आहोत. प्रत्यक्षात त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला दुसरी एक आज्ञावली असे. रांगेतील कार्ये चालविणारी आज्ञावली अशा आभासी टर्मिनलांद्वारे प्रणालीत प्रवेश करी आणि एखादा माणूस देईल तसेच आदेश देई. शिवाय कोणालाही आपले चालू कार्य टर्मिनलापासून ‘विलग’ करता येई आणि पुढे दुसऱ्या टर्मिनलावर जाऊन कार्यक्रमांक सांगून ते पुन्हा जोडून घेता येई. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय आज्ञावली विकास व संगणनतंत्र केंद्रात याच घराण्यातील डेक-१० हा संगणक होता. सीडीसी ३६०० वर गठ्ठे देण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रातील संशोधकांच्या पिढीला कालविभागणीचा परिचय घडविणाऱ्या यंत्रांत त्याची गणना होते.

यूनिक्स ही प्रणाली केनेथ टॉम्सन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडविली. तीत पार्श्वभूमीकार्यासाठी ना रांग होती, ना वेगळे यंत्र, ना नियंत्रणभाषा. आदेशाच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह टंकलिखित केले की काम भागे. शेल प्रत्येक आदेशासाठी स्वतःपासून एक नवी प्रक्रिया फोडून काढते आणि ती संपेपर्यंत थांबून राहते. ‘&’ चिन्ह असेल तर ती फक्त थांबत नाही; प्रक्रियेचा क्रमांक छापते आणि पुढचा आदेश मागते. आयबीएमने ज्यासाठी जाडजूड पुस्तिका छापल्या, ते येथे एक कृती न करण्याने साधले. साधेपणाचे इतके चांगले उदाहरण प्रणालींच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मात्र या साधेपणात दोन उणिवा होत्या. कार्य पार्श्वभूमीवर चालवावयाचे की नाही, हे आरंभीच ठरवावे लागे. पाच मिनिटांत संपेल असे वाटलेले गणित तासभर चालले, तर ते मारून पुन्हा आरंभ करण्याखेरीज गत्यंतर नसे. दुसरे असे, की टर्मिनल एकच आणि त्यावर लिहू पाहणाऱ्या प्रक्रिया अनेक, यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याच्या ओळीत घुसे.

या उणिवांवरील उपाय ऑस्ट्रियातून आला. व्हिएन्नाजवळील लाक्सेनबुर्ख येथे पूर्व व पश्चिम गटांतील राष्ट्रांनी मिळून १९७२ मध्ये स्थापन केलेली उपयोजित प्रणाली-विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तेथील जिम कल्प यांनी यूनिक्सच्या गाभ्यात व विल्यम जॉय यांच्या ‘सी शेल’मध्ये कार्य-नियंत्रणाची योजना बसविली आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ऑक्टोबर १९८० मध्ये प्रसृत केलेल्या यूनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ती समाविष्ट झाली. चालू कार्य एक कळ-जोडी दाबून जागच्या जागी गोठविता येऊ लागले. मग ते तेथून पार्श्वभूमीवर सोडावे, अग्रभूमीवर परत आणावे किंवा तसेच निजवून ठेवावे, हे त्या त्या वेळी ठरविता येई. प्रत्येक कार्याला शेल एक लहानसा क्रमांक देई आणि ‘%’ चिन्हापुढे तो लिहून त्याचा निर्देश करता येई. अनेक प्रक्रियांची साखळी असली तरी तिचे एकच कार्य धरले जाई. पार्श्वभूमीवरील कार्याने टर्मिनलावरून काही वाचू पाहिले, तर गाभा त्यालाच गोठवी व मालकाची वाट पाहावयास लावी. या कल्पना सर्वस्वी नव्या नव्हत्या. मॅसॅचूसेट्समधील पीडीपी-१० वरच्या ‘आयटीएस’ प्रणालीत कार्य थांबविणे, सोडून देणे व पुन्हा ताब्यात घेणे या सोयी आधीपासून होत्या. पण सर्वदूर पसरली ती बर्कलीची पद्धत. तिचा समावेश १९८८ च्या पॉसिक्स मानकात वैकल्पिक म्हणून झाला आणि २००१ च्या आवृत्तीत ती आवश्यक ठरली.

कार्य टर्मिनलापासून किती स्वतंत्र आहे, याची कसोटी टर्मिनल नाहीसे झाले की लागते. १९७० नंतरच्या दशकात घरचे टर्मिनल दूरध्वनीच्या तारेने संगणकाशी जोडले जाई. तार तुटली वा दूरध्वनी खाली ठेवला गेला, तर यूनिक्सचा गाभा त्या टर्मिनलावरील प्रक्रियांना ‘संबंध तुटला’ असा संकेत पाठवी आणि तो मिळालेली प्रक्रिया, वेगळी तजवीज नसेल तर, मरून जाई. यामागील हेतू रास्त होता. मालक निघून गेल्यावर बेवारशी आज्ञावल्या यंत्राचा वेळ खात राहू नयेत आणि पुढे त्याच तारेवर येणाऱ्या परक्याच्या हाती दुसऱ्याचे चालू काम सापडू नये. पण रात्रभर चालावयाचे गणित तारेतील एका खरखरीने नष्ट होई, ही त्याची दुसरी बाजू होती. म्हणून हा संकेत कानाआड करून आज्ञावली चालविणारा ‘नोहप’ हा आदेश यूनिक्समध्ये फार लवकर आला; १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ठराविक वेळी आदेश चालविणाऱ्या ‘अ‍ॅट’ची भर पडली. मात्र ‘नोहप’ने वाचविलेल्या कार्याशी नंतर संवाद करता येत नसे, ते जिवंत राही, पण मुके होऊन. ही उणीव बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान व कार्स्टेन बोर्मान यांच्या ‘स्क्रीन’ या १९८७ च्या आज्ञावलीने भरून काढली. ती वापरकर्ता व कार्य यांच्यामध्ये आभासी टर्मिनल उभे करते. तार तुटली तरी आतील शेलला त्याचा पत्ता लागत नाही आणि मालक परत आला की सारे जसेच्या तसे पुढे चालू होते. पीडीपी-१० वर प्रणालीनेच दिलेली विलगीकरणाची सोय यूनिक्सच्या वापरकर्त्यांनी अशी बाहेरून मिळविली.

हा वाद आजही मिटलेला नाही. लिनक्समधील सेवांचे व्यवस्थापन करणाऱ्या ‘सिस्टिमडी’च्या मे २०१६ मधील २३० व्या आवृत्तीत वापरकर्ता बाहेर पडताच त्याच्या सर्व प्रक्रिया संपविणे हा मूळ नियम ठरविण्यात आला. ‘स्क्रीन’ व ‘नोहप’ यांच्या आधारे सोडलेली कार्येही त्यात सापडू लागली, तेव्हा तीव्र विरोध झाला आणि डेबियनसारख्या वितरकांनी आपल्या आवृत्तीत जुनाच नियम कायम ठेवला. प्रत्येकी एक माणूस वापरीत असलेल्या यंत्रांच्या काळात, अनेकांनी वाटून घेतलेल्या यंत्राचा हा प्रश्न इतक्या तीव्रतेने पुन्हा उपस्थित व्हावा, हे लक्षणीय आहे.

जेथे यंत्र अजूनही खरोखर वाटून घ्यावे लागते, त्या महासंगणकांवर तर रांग व नियंत्रणपत्र ही दोन्ही नव्या रूपात परतली आहेत. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या एम्स केंद्रात १९९१ पासून विकसित झालेली ‘पीबीएस’ आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत उगम पावलेली ‘स्लर्म’ या आज्ञावल्या हेच काम करतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावरही कार्य सादर करावयाचे ते ‘स्लर्म’च्या आदेशानेच. वापरकर्ता दूरवरून आदेश-ओळीवर येतो, शेलच्या आदेशांची फाइल रांगेत लावतो आणि बाहेर पडतो. त्या फाइलीच्या आरंभी ठराविक खुणेच्या काही ओळी असतात. किती संस्कारक हवेत, किती स्मृती हवी, कोणाच्या हिशेबी व जास्तीत जास्त किती वेळ, हे त्यांत लिहिलेले असते. मागितलेला वेळ संपला की कार्य अपुरे असले तरी थांबविण्यात येते.